उडी माझी, पळणं त्याचं

भाऊ अकलूजहून आला तेव्हा मी दारात बसून पानं कापत होते. एप्रिलचं ऊन होतं. दाराला ओलं पोतं बांधलं होतं, तरी आत भट्टीच. सूप मांडीवर असलं की आम्ही बिडीवाल्या बायका पंखा लावत नाही, सुपातली तंबाखू उडते. त्यामुळे आमच्या घरी आलेला पाहुणा आधी घाम पुसतो आणि मग बोलतो.

भाऊ साखर कारखान्यात फिटर आहे. गाळप संपलं की चार दिवस सोलापूरला येतो. येताना पिशवीत काकवी असते, कधी गूळ. या वेळी त्यानं पिशवीतून बोटाएवढी एक काळी दांडी काढली, आमच्या टीव्हीच्या मागे खोचली आणि मला काही न सांगता बटणं दाबत बसला.

"मामा, ते काय वो?" माझ्या मुलीनं विचारलं. तिची बारावीची परीक्षा झाली होती, ती घरीच होती.

"तुझ्या आईचं बालपण हाय ह्याच्यात. बघ आता."

आणि ती धून वाजली. टिंग टिंग करत वर चढणारी, मग एकदम घसरणारी. पंचवीस-तीस वर्षांत ती मी कुठंही ऐकली नव्हती, तरी पुढचा सूर यायच्या आधीच तो माझ्या डोक्यात वाजत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्याही आधी मला उठून मोरीत जावंसं वाटलं, हंडा आहे का भरलेला बघावंसं वाटलं. मी उजवा हात पदराखाली घेतला.

हा खेळ आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. माझा मामा दुधनीला होता. तो व्हिडिओ गेम भाड्यानं द्यायचा. लोकांचा शौक ओसरला तेव्हा त्यानं दुकान मोडलं आणि एक डबा आमच्या घरी आणून टाकला. डब्याला रिमोट एकच होता, दुसऱ्याची वायर उंदरानं खाल्ली होती. कॅसेटही एकच. त्यात एक बुटका माणूस होता, डोक्यावर गाठोडं घेतलेला. तो डावीकडून उजवीकडे पळायचा. वाटेत खड्डे, काटेरी साळिंदरं, वर-खाली होणाऱ्या फळ्या. उडी मारून सगळं पार करायचं. आम्ही त्याला गडी म्हणायचो.

तेव्हा मी बिड्या वळायला लागले होते. अव्वाची, म्हणजे आमच्या आईची, एक अट होती. आम्ही मूळचे मैंदर्गीचे, तिकडे कानडी चालतं, म्हणून आईला अव्वा. ती म्हणायची, "खेळा बापडे, पण सूप मांडीवरून खाली उतरायचं न्हाई." सूप खाली ठेवलं की काम सुटलं, असा तिचा हिशेब. मग माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या भावानं तोड काढली. तो माझ्या डाव्या बाजूला चिकटून बसायचा. रिमोट सुपाच्या काठावर टेकवायचा. रिमोटचं डावं टोक त्याच्याकडे, त्यावर पळायची बटणं. उजवं टोक माझ्याकडे, त्यावर उडीचं बटण. एका गड्याला आम्ही दोघं मिळून चालवायचो. तो पळवायचा, मी उडवायचे. माझा डावा हात पानांवरच असायचा, त्यामुळे अव्वालाही बोलता यायचं नाही.

आम्हाला बोलावंही लागायचं नाही. त्याच्या कोपराचा दाब माझ्या दंडाला लागायचा आणि मला कळायचं, आता हा धावणार. माझी उडी चुकायची नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मला कशातच कुणी हुशार म्हटलं नाही, फक्त या एका गोष्टीत भाऊ म्हणायचा, "अक्काची उडी म्हंजे उडी."

तरी एका ठिकाणी आम्ही कायम मरायचो. दोन फळ्या होत्या, एक वर जायची तेव्हा दुसरी खाली यायची, आणि खाली भलंमोठं तळं. टीव्ही काळा-पांढरा होता. तळ्यावर पांढऱ्या लाटा हलायच्या. गडी त्यात पडला की भाऊ म्हणायचा, "गेला पवायला." आणि आम्ही हसून परत सुरुवातीपासून पळायचो. त्या तळ्यापलीकडे काय आहे ते आम्ही कधी बघितलं नाही.

"अक्का, सरक की जरा," भाऊ म्हणाला. दांडीबरोबर दोन रिमोट आले होते, पण त्यानं एकच बाहेर काढला. माझ्या डावीकडे बसला आणि रिमोट सुपाच्या काठावर टेकवला, अगदी तसाच. आता त्याचे केस विरळ झालेत, पोट सुटलंय. बसताना गुडघा कटकन वाजला.

मुलगी म्हणाली, "एकाच रिमोटवर दोघं? दुसरा काय पुजायला ठेवलाय?"

"गप गं. बघ कसं असतंय ते."

पडद्यावर गडी उभा होता. त्याचं गाठोडं पिवळं होतं. मला ते कधी माहीतच नव्हतं, मी आयुष्यभर ते पांढरं धरून चालले होते. गवत हिरवं, साळिंदरं जांभळी. भावाच्या कोपराचा दाब लागला, गडी पळाला, खड्डा आला, मी बटण दाबलं.

गडी खड्ड्यात गेला.

"असू दे, सवय गेलीया," भाऊ म्हणाला.

दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा मी नीट बघून दाबलं, डोळ्यांनी बरोबर वेळ साधली, तरीही गडी काठावरून सरळ खाली. मुलगी पोट धरून हसायला लागली. "आई! पहिल्याच खड्ड्यात! आणि मला सांगायचीस, माझी उडी चुकत न्हवती म्हणून!"

मीही हसले. पण मला कळलं होतं काय झालं ते. मी बटण दाबलं असं मला वाटत होतं, आणि अंगठा दाबतच नव्हता. म्हणजे दाबत होता, पण उशिरा, आणि अर्धा.

दिवाळीपासून माझा उजवा अंगठा बधिर होत चालला आहे. आधी पहाटे मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग शेजारची दोन बोटंही त्यात आली. बिडी वळून झाली की तिचं तोंड अंगठ्याच्या नखानं आत दुमडावं लागतं, मग दोरा गुंडाळायचा. तोंड दुमडतं की नाही हे मला आता बघावं लागतं, बोटाला कळत नाही. बिडी कारखान्याच्या शाखेत माल द्यायला गेले की तपासणारा माझ्या जुड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त बिड्या बाजूला काढतो. मी म्हणते, यंदा पान वाईट आहे. तो म्हणतो, पान सगळ्यांना तेच आहे, मावशी.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांना, म्हणजे मुलीच्या वडिलांनाही नाही, ते यंत्रमागावरून येतात तेच कानात खटखट घेऊन. आणि मुलीला तर मुळीच नाही. त्याचं कारण एप्रिल महिना.

मी चौथीची परीक्षा दिली तेव्हाही एप्रिलच होता. अव्वाचा हात सुजला होता, तिला कात्री धरवत नव्हती. एका दुपारी तिनं आपलं सूप उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "सुट्टीच हाय की. शाळा सुरू होईस्तोवर कर जरा." एवढंच म्हणाली. रागावून नाही, रडून नाही, जसं कुणी पाण्याचा तांब्या हातात देतं तसं. मलाही मोठं झाल्यासारखं वाटलं. जून आला. भावाला नवं दप्तर आलं, तो तिसरीत गेला. माझ्या मांडीवरचं सूप उतरलं नाही. शाळा सोड असं मला कुणी म्हटलं नाही. कुणी म्हटलं असतं तर मी निदान नाही म्हणून बघितलं असतं.

आणि आता माझी मुलगी परीक्षा देऊन घरी बसली आहे. तिला नर्सिंगला जायचं आहे. रोज ती माझ्याजवळ येऊन बसते आणि म्हणते, "नुसती बसून कटाळा आलाय. दे की सूप, थोडी पानं कापते." मी दर वेळी काहीतरी दुसरं काम सांगते. तांदूळ निवड, दुकानातून साबण आण, झोप. ती म्हणते, "तुझ्या बिड्या काय सोन्याच्या हायत का? हात लावू देत न्हाईस." मी हसते, आणि सूप आणखी जवळ ओढते.

तर असा तो खेळ चालला होता, आणि भाऊ आता पडद्याकडे बघत नव्हता. तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

त्याला फसवता येणं शक्य नव्हतं. जगात माझा हा अंगठा ओळखणारं दुसरं कोण आहे? मला वाटलं, आता हा पोरीसमोर बोलेल. मी रिमोट सोडला, "चहा टाकते" म्हणून उठायला लागले. पण सूप मांडीवर, रिमोट सुपावर, पटकन उठताही येईना.

"बस," तो म्हणाला. मग मुलीकडे वळून, "चहा तू टाक गं. आलं घाल. आनि अक्का, तू बाजू बदल. लई वर्सं तू उडवलीस. आता तू पळव, मी उडवतो."

बाजू बदलायची तर सूप खाली ठेवावं लागणार होतं. मी ठेवलं. भिंतीला लावून, वर फडकं झाकून. मांडी एकदम हलकी झाली आणि मला अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घेतल्यासारखं वाटलं.

मुलगी आत गेली. रिमोटचं डावं टोक आता माझ्याकडे होतं. मला पळवता येईना. मी आयुष्यात कधी पळवलंच नव्हतं. थांबायचं तिथं मी धावायचे, साळिंदरावर जाऊन आदळायचे. भाऊ म्हणाला, "अगं, त्याला काय आत्महत्या करायची हाय का? जरा दमानं." मला हसू आलं. डावा अंगठा चांगला होता, शिकेल असं वाटत होतं. खड्डा आला, मी धावले, त्यानं उडवलं. पार झालो.

मग तो पडद्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाला, "कवापासून?"

"काय?"

"अक्का, मी मशिनं दुरुस्त करतो. कुठला पार्ट गेलाय ते मला आवाजावरनं कळतंय. कवापासून?"

"दिवाळी."

"दाखवलंस?"

"कुणाला दाखवू? दाखवलं की म्हणणार, काम बंद कर. काम बंद केलं की…" मी आतल्या खोलीकडे बोट केलं. आतून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. "तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ हाय. जूनला तिचं कॉलेज लागू दे, मग बघू."

आम्ही खेळतच होतो. एक फळी गेली, दुसरी गेली. मग म्हणाला, "अव्वानं बी जूनपर्यंतच म्हटलं व्हतं." आणि लगेच, जणू ते बोललाच नाही, "अगं बघ, तळं आलं."

तळं आलं. ते लाल होतं. लाल आणि नारिंगी, आणि त्यावर ज्या पांढऱ्या लाटा आम्ही बघायचो त्या जाळाच्या जिभा होत्या.

आम्ही दोघंही थांबलो. गडी काठावर उभा, खाली जाळ.

"पाणी न्हवतं की गं ते," भाऊ म्हणाला. "आपण त्याला पवायला सोडायचो आनि तो जळत व्हता."

मला त्याचं एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्यालाही. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा दोन म्हातारी होत चाललेली माणसं टीव्हीसमोर फुटल्यासारखी हसत होती. "काय झालं?" ती म्हणाली. तिनं कप आमच्यासमोर ठेवले, स्वतःचा घेतला आणि भिंतीला टेकून बसली. बसायला जागा तिथंच होती, सुपाशेजारी.

आणि तिनं फडकं बाजूला केलं, सूप उचललं आणि मांडीवर घेतलं. अगदी सहज. "तुमी खेळा निवांत. मी एवढी पानं कापून टाकते."

मी कशी उठले मला आठवत नाही. मी तिच्या मांडीवरून सूप हिसकावलं. उजव्या हातानं हिसकावलं आणि उजव्या हातात पकड कुठं होती? सूप उलटलं. पानं, कात्री, पान कापायचा पत्रा, तंबाखू, सगळं फरशीवर. तिचा चहा सांडला. टीव्हीवर गडी जाळात पडला आणि ती घसरणारी धून वाजली.

"आई!"

"हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं न्हवतं का!" मी ओरडले. मी ओरडणारी बाई नाही. शाखेतसुद्धा मी इतक्या हळू बोलते की तपासणारा दोनदा विचारतो. "अंगठा मेलाय माझा! कळंना झालंय! म्हणून तू सूप घेणार असशील तर… तर मी हे सूप चुलीत घालीन, पण तुझ्या मांडीवर बघणार न्हाई!"

भावानं रिमोट खाली ठेवला.

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती चिडली. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"दोरा दातानं ओढतीस की. गॅसचं बटण डाव्या हातानं फिरवतीस. माझी वेणी घालायची सोडलीस, म्हणे तू आता मोठी झालीस. मला काय डोळे न्हाईत?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलतीस का बघत व्हते! रोज येऊन सूप मागते ते कशाला? मला काय बिड्यांची हौस हाय? वासानं माझं डोकं उठतंय. म्हटलं, आज तरी म्हणशील, घे बाई, माझा हात दुखतोय. मग तुला वडत दवाखान्यात न्हेता येईल. तर तू मला तांदूळ निवडायला लावतीस. आपल्या घरातल्या तांदळात आता खडा म्हणून उरला न्हाई!"

भावाला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं.

"आनि न्हाईच बोललीस तर?" मी विचारलं. "मी न्हाईच बोलले असते तर काय करणार व्हतीस?"

ती खाली बसून पानं गोळा करायला लागली होती. वर न बघता म्हणाली, "मग घेतलंच असतं की सूप. दुसरं काय करणार व्हते?"

मी लपवत होते ते तिला सुपापासून लांब ठेवायला, आणि त्या लपवण्यानंच सूप तिच्याकडे सरकत होतं. अव्वानंही शाळा सोड असं सांगितलं नव्हतं. नुसतं मांडीवर ठेवलं होतं.

पानं तिनं गोळा केली, तंबाखू कागदावर भरली. सूप भिंतीवर आपटून झाडलं आणि कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं. कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. मग पंखा लावला. भर दुपारी आमच्या घरात पंखा फिरायला लागला आणि मी वेड्यासारखी कॅलेंडर धरून उभी.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि ती दोघं मिळून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रांगेत मला पुढं ढकलून दोघं दोन्ही बाजूंना उभी, जणू मी पळून जाणार आहे. मी जाणारही होते. डॉक्टरीणबाईंनी मनगटावर बोटानं टिचकी मारली, अंगठ्यात सणक गेली. मनगटात शीर दाबली जाते म्हणाल्या. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, बिड्या वळणं बंद ठेवा म्हणाल्या, नाही उतरलं तर छोटं ऑपरेशन. मी विचारलं, "परत पहिल्यासारखा होईल का?" त्या म्हणाल्या, "उशीर केलात. बघू."

त्या 'बघू'नं मला आजही झोप नीट लागत नाही. घरच्यांनी जादा पाळ्या धरल्या आहेत, त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही नाही. सकाळी माझे हात आपोआप मांडीवर येतात आणि तिथं काही नसतं. मी उठते, भांडी पुन्हा घासते. शेजारणी विचारतात, "काय गं, सुट्टीवर?" मी पट्टा दाखवते. त्या मग स्वतःचे हात पुढं करतात. कुणाचा अंगठा, कुणाचं मनगट. मला वाटत होतं मी एकटीच आहे.

दांडी भाऊ इथंच ठेवून गेला. दुपारी मुलगी माझ्या उजवीकडे येऊन बसते. उडी आता तिची, पळणं माझं. पळवणं मला जमायला लागलं आहे, पण ती फार लवकर उडते. तिला धीर नाही. गडी फळीच्या आधीच उडतो आणि जाळात जातो. मी म्हणते, "थांब की जरा, कोपर लागू दे, मग दाब." ती म्हणते, "तू पळव नीट, मग सांग." तळ्यापलीकडे काय आहे ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

कॉलेजचा अर्ज तिनं भरला आहे. तरी सकाळी डोळे उघडले की मी आधी खिळ्याकडे बघते, सूप तिथंच आहे ना. बाहेर जाऊन आले की चपला काढायच्या आधी बघते. ती हे ओळखून आहे. परवा मी दारात आले तर आतूनच ओरडली, "हाय, हाय, टांगलेलंच हाय!"

तरी मी आत जाऊन बघितलं. जून लागेपर्यंत बघणार आहे.